एक खोली, दोन दारं

—न्हाय न्हाय, शिवपुत्रकाका, तुमी आदी बसा की. उभ्यानं ऐकायची गोष्ट न्हाय ही. त्या स्टुलावर नका, त्याचा पाय डगमगतोय — हां, त्या खुर्चीवर. चहा सांगू? नको? बरं, मग मी पितो. ही बघा तुमची कंप्युटरची मशीन. आतनं पसाभर सूत निघालं, खोटं सांगत न्हाय, अजून थोडं असतं तर टॉवेल झाला असता. चालू होती का? व्हय, झकास चालू होती. फक्त त्यात तुमच्या मागावर विनायच्या नक्ष्या न्हाईत. म्हंजे फोनवर सांगितलं तेच, नवीन काय न्हाय. ते बिलबुक हवंय? घ्या की. पट्टी पन हाय तितंच, पेनाच्या डब्यात.

आता कसं झालं ते सांगतो, म्हंजे तुमालाच पटंल. दोन वर्सामागं मी तुमच्या मशीनवर विंडोज काढून लिनक्स टाकलं. का टाकलं? व्हायरस येत न्हाय म्हनून. आला का एक तरी? न्हाय आला. मग त्या डिस्कवर मी सबव्हॉल्यूम केले — म्हंजे काय, तर भावाभावांत वाटन्या केल्या, पन बांध न्हाय घातला. जमीन एकच, ज्याला जेवढी लागंल तेवढी त्यानं पेरावी. सिस्टीमचा एक, तुमच्या फायलींचा एक, आनि तुमच्या फायलींच्या पोटात नक्षीचा एक वेगळा. असे भाऊ ऱ्हात न्हाईत, डिस्क ऱ्हाती. मग तुमी म्हनलात, सोमेश जावई हायत, तेच नक्षी बघून मागाला लावायची भोकांची कार्डं टोचतात, त्यांना नक्षी दिसाय पायजे, पन माझ्या बाकीच्या फायलीत जावयानं नाक खुपसायचं न्हाय. म्हनलावता का न्हाय? आता दोन ठिकानी कॉपी ठेवायची तर जागा दुप्पट. म्हनून मी काय केलं — बाइंड माउंट. एक खोली, दोन दारं. एक दार तुमच्या वसरीवर, दुसरं जावयाच्या अंगनात. आत सामान एकच. तुमी हिकडनं कमळ ठेवलं की तितं जावयाला कमळ दिसनार. लई भारी काम. मीच माझ्यावर खूश होऊन त्या दिवशी दोन प्लेट भजी खाल्ली.

काय लिहिताय? — न्हाय, लिवा की, मी कशाला भिऊ. चुकलं कोन, तर तुमचे जावई. त्यांनी त्यांच्या दारानं आत जाऊन सगळं पुसलं, तुमच्या दारात बी मग काय दिसनार, भिंती! हे मी फोनवर सांगितलं, आज बी सांगतो. तुमी आपलं लिवा. कुनाला देनार हाय ते? यंत्रमागवाल्यांच्या संघात? त्यांच्या आर्ध्या मशीनी माझ्याकडं हायत, मी हाय म्हनून त्यांचं — एवढं वाकून काय लिहिताय काका? एक पान झालं की. पट्टी लावून कोन तक्रार लिहितं ओ?

काय म्हनलात? जावयाला येऊ नको म्हनलात? कवा? — गुरुवारपास्नं? आनि तुमची लेक? दिपालीताई बी आली न्हाय? बोलत पन न्हाय? अरारा. आवो मी आपलं म्हनलो, जावई हाय, थोडं रागवाल, थोडं इसराल. घरी बसवाल हे कुटं ठावं मला. तुमी तर जावयाला सनाला ताटाखाली पाट देनारी मानसं.

— बरं. ते पेन खाली ठेवा जरा. न्हाय ठेवत? न ठेवा. ऐका. तुमी बुधवारी अक्कलकोटला लग्नाला गेलतात ना, तवा मी आलतो तुमच्या घरी. डिस्क भरली म्हनून मशीन वरडत होती. मी बघतोय तर दोन फोल्डर, दोन्ही नक्षी, दोन्ही एकसारखं, इंचाचा फरक न्हाय. म्हनलं हा कोन शाना, एकच माल दोनदा भरून बसलाय? आता हा शाना कोन ते तुमी ओळखलं. दोन वर्सात दोनशे मशीनी बघितल्या, आपनच पाडलेलं दार आपनच इसरलो. तुमचं ठेवलं, जावयाचं उडवलं — म्हनलं, जावयाकडं कॉपी कशाला! सगळं गेल्यावर शेवटी मशीन म्हनती, हे फोल्डर काढता येत न्हाय, बिझी हाय. बिझी! म्हंजे चौकट तेवढी राखली तिनं. तवा माझं ते दुसरं दार आठवलं. पळत तुमच्या दारात गेलो. खोली मोकळी. व्हायरसची गरजच न्हाय पडली, मी होतो की.

तरी मी घाबरलो न्हाय. का? स्नॅपशॉट. रोज सकाळी ती मशीन आपली आपन घरादाराचा फोटो काढती, गेलं तर फोटोतनं परत घ्यायचं. हे मीच लावलंवतं, मोठ्या ऐटीत. मंगळवारचा फोटो उघडला. तुमची लाइटबिलं हायत, नातवाच्या बारशाचे फोटो हायत, नक्षी नावाचं फोल्डर बी हाय. आत? आत काय न्हाय. बुधवारचा तसाच, सोमवारचा तसाच, दोन वर्साचे सगळे तसेच. का, तर नक्षीला वेगळा सबव्हॉल्यूम कुनी केला? मी केला. आनि हा फोटो काढनारा दुसऱ्याच्या उंबऱ्याआत पाय टाकत न्हाय. लई सभ्य. रोज यायचा, दाराचा फोटो काढायचा, जायचा. मी एकदा बी उघडून बघितलं न्हाय. पाच दिवस झाले, झोपलो न्हाय काका, असतील नसतील ते सगळे उपाय केले. न्हाय निघत.

आनि कागद — माहिताय मला. चौतीस वर्सांचे ग्राफ, चौकोन भरून हातानं काढलेल्या नक्ष्या. कशाला वाळवी पाळताय, द्या रद्दीत, असं कोन म्हनलं? मीच. हितंच, ह्याच खुर्चीत. लाज वाटती मला. तुमचं तोंड बघून बोलता येईना म्हनून जावयाच्या अंगावर ढकललं. आता लिवा हे पन. सगळं लिवा, मी सही करतो. दावा कुटं करायची —

हे काय? हे अक्षर न्हाय. चौकोन हायत नुसते. माझ्या बिलाच्या पाठीवर — आनि हे भरलेले… थांबा, उलटं धरलंय मी. मोर हाय की हा. मान हिकडं वळलेला. आदीपास्नं हेच चाललंवतं व्हय? बघून न्हाय, बिघून न्हाय. पाठ हाय तुमाला? सगळ्या नक्ष्या? — न्हाय. मग किती? चाळीसेक. दोन हजारातल्या चाळीस. हात चालतोय तवर.

काका, मी हे स्कॅन करून तीन-तीन ठिकानी — बरं. बरं. न्हाय लावत हात. मशीन बी नको? ऱ्हाऊ दे मग हितंच.

आता? आत्ताच लावू फोन? तुमच्या म्होरं? — लावतो. — हॅलो, सोमेशराव, मी गुरु, कंप्युटरवाला. न्हाय ओ, काकांनी न्हाय, मी केलाय. ऐका की. नक्षी तुमी न्हाय पुसली. मी पुसली. मी. आनि नाव तुमचं सांगितलं. — हॅलो? — ठेवला त्यांनी.

आँ? कागद धरू? हालतोय व्हय? हा धरला. दोन्ही हातांनी धरतो. असा? काका, मी काय म्हनतो, हा तुरा जर —

बरं. न्हाय बोलत.