पाठ केलेली उत्तरं

आमी मूळचे कुरुळीचेच. आज्याच्या वावरात आता कंपनीची भिंत हाय, पन ते राहू द्या, तुमाला रग्बीचं ऐकायचंय. मी पयला कबड्डीवाला. राजगुरुनगरला कॉलेजात व्हतो तवा डाव्या कोपऱ्यातनं पायाची पकड अशी घालायचो की चढाईवाला परत जायचा न्हाई. ते आमच्या खेळाच्या सरांनी बघितलं आन् म्हनले, दत्ता, एक नवा खेळ हाय, लांबट चेंडू हातात घिऊन पळायचा, आन् जो पळतो त्याला समोरच्यांनी आडवा पाडायचा. म्हनलं सर, पाडायचं काम आपलं.

पाडता पाडता जिल्ह्याकडनं खेळलो, मग राज्याकडनं, आन् मग एका टीमनं मला पगारावर घेतला. काय सांगू तुमाला, खेळायचा पगार मिळतो हे गावात कुनाला पटंना. भावकीत लग्नाला गेलं की इचारायचे, खेळतोस ते ठीक हाय, पन करतोस काय. फकस्त मनीषा, माजी बायको, ती सांगायची, हेच करत्यात. तिच्या तोंडून ते लई मोठं वाटायचं बघा.

डोक्याचं सुरू झालं तिसऱ्या वर्षी. एकाला पाडायला वाकलो आन् त्याचा गुडघा कानशिलावर बसला. उठलो तवा मैदान हाय, मानसं हायत, पन आवाज न्हाई. डोक्याला लागलं की टीमचे डॉक्टर ठरलेले सवाल इचारत्यात, मैदान कुठलं, मागचा सामना कुनाशी झाला, कोन जिंकलं. चुकलं तर बाहेर बसवत्यात, आन् लई दिवस बाहेर बसलं तर पुढच्या वर्षी करार न्हाई. मंग मी काय करायचो, मॅचच्या सकाळीच घरी, मनीषाच्या देखत, उत्तरं पाठ करून ठेवायचो. त्या दिवशी घडाघडा म्हनून दाखवली आन् खेळलो. पुढं अजून दोनदा लागलं, दोनदा बी म्हनून दाखवली.

मग एकदा सरावाहून मोटरसायकलवर घरी चाललो व्हतो, तर तळवड्याच्या चौकात थांबलो. घर कुठल्या अंगाला तेच कळंना. जल्म गेला माजा या रस्त्यावर. मागनं टेम्पोवाले हॉर्न मारत व्हते, शिव्या देत व्हते, मी गाडी कडंला घेतली आन् मनीषाला फोन केला. ती रिक्षा करून आली, तर मी हेल्मेट घालूनच फुटपाथवर बसलेला. तिनं हेल्मेट काढलं, पानी पाजलं. मी म्हनलं, कुनाला बोलायचं न्हाई, आपल्या पोरीची शपथ हाय तुला. ती गप राहिली. मला वाटलं, कबूल झाली.

दोन दिसांनी डॉक्टरांनी बोलावलं, तर तिथं ही खुर्चीत बसलेली. माज्याकडं बघून म्हनली, अहो, तुमी उत्तरं पाठ करता, ते मी सांगितलंय. डॉक्टर काय वरडले न्हाईत. एवढंच म्हनले, दत्ता, काल तुज्या घरी जेवायला कोन व्हतं? मी मनीषाकडं बघितलं. ती रडत व्हती. तिचा सख्खा भाऊ जेवून गेला व्हता, मला आठवलं न्हाई.

खेळ तिथंच संपला. चार महिने मी तिच्याशी बोललो न्हाई, ती ताट वाढायची, मी जेवून उठायचो. शपथ मोडलीस, एवढं एकदाच म्हनलो, तर ती म्हनली, मोडली, त्याचं जे लागंल ते मला लागू दे, पोरीला बाप पायजे.

आता चाकणला एका कंपनीत स्टोअरला हाय. आधी पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर घेतलं व्हतं, पन त्या आवाजानं डोकं फुटायचं, मग सुपरवायझरनं इकडं बसवलं. एखादा शब्द जिभेवर येतो आन् तिथंच थांबतो, एखादं नाव जातं ते जातंच. रविवारी रग्बीची पोरं मैदानावर असत्यात तवा मी लांबच्या वाटंनं जातो. मागं मनीषानं इचारलं, राग गेला का. मी व्हय म्हनलं. खरं सांगू का, समदा न्हाई गेला. तिनं केलं ते बरोबरच केलं, हे मला कळतं, तरी बी आत काय तरी टोचतं. तुमी लिहिताय तर एवढं लिवा, डोक्यातनं रोज काय काय जातंय, तर देवानं आधी तो राग न्यावा, आन् मनीषा तेवढी डोक्यात राहू द्यावी.