चतुर पुढं जातो, मेहबूबभाई मागं

...आता तुम्हीच सांगा, पंचावन्न वर्षांच्या माणसानं काठीला दोरा, दोऱ्याला मणी बांधून पवनेच्या काठावर तीन दिवस हलवत बसायचं? मेहबूबभाई बसले! कामशेत-पवनानगर जीप चालवणारा माणूस... पण पुण्याच्या अनघा मॅडमनी जीप ठरवली, चतुर, तो पाण्यावर भिरभिरणारा चार पंखांचा किडा, शिकार कशी करतो त्याचं शूटिंग करायला, आणि मणी नाचवायचं काम आलं ह्यांच्या गळ्यात!

पहिला मणी बोराएवढा. चतुर काडीवर बसून नुसती मान फिरवतोय, उठायचं नाव नाही! मॅडम म्हणतात, "भाई, एवढी मोठी माशी असते का? तो बसल्या जागी माप घेतो." अहो, नावच चतुर त्याचं!

मग भाईंच्या बायकोनं, कौसरभाभींनी, ओढणीचा बारका मणी उसवून दिला. तो हलला मात्र... सुर्रकन चतुर सुटला! मेहबूबभाई ओरडले, "चुकला! पुढंच गेला की!" आणि मणी आपणहून त्याच्या पायांच्या पिंजऱ्यात!

"तो मागं लागतच नाही," मॅडम हसल्या. "मणी पुढं कुठं पोचणार, तिथं जातो." नावच चतुर त्याचं!

तुम्हाला सांगतो, मेहबूबभाईंना आपलीच जीप आठवली. ह्यांचा सगळा जन्म मागं धावण्यात गेला हो! लोकल स्टेशनात आली, की हे पोचेपर्यंत पॅसेंजर त्याच रस्त्यावरच्या प्रितमच्या जीपमध्ये. मग "ओ मावशी, ओ आबा" करत मागं मागं... घरी कौसरभाभी बोलत काही नाहीत, पण भाकरी वाढताना बघतात ना! ते बघणं लागतं माणसाला!

शूटिंग संपलं, आणि दुसऱ्याच दिवशी भाईंनी ठरवलं, स्टेशनला जायचंच नाही! लोकलनं आलेल्या बाया आधी बाजार करणार, मग पवनानगरच्या फाट्यावर येणार... आपण फाट्यावरच उभं राहायचं! इंजिन चालू, दार उघडं, नजर रस्त्यावर. दहा मिनिटं... वीस... अर्धा तास... चिटपाखरू नाही! प्रितम रिकामी जीप घेऊन समोरून गेला, तोही चक्रावलेला!

शेवटी फोन. पवनानगरच्या सरुबाई, सत्तरीच्या. "अरं मेहबूब, कुटं हाईस? आमी सात जनी टेशनात बसलोय कवाच्या!"

"मावशी, प्रितमची जीप होती की तितं!"

"व्हती. सोडली आमी. म्हनलं, बिचारा रोज धापा टाकत येतो, आज बसू त्याच्याच गाडीत!"

भाईंनी डोळे पुसले, जीप वळवली, आणि निघाले पुन्हा मागंच!

माशी कुणासाठी थांबत नाही हो... माणसं थांबतात. आता ह्याला तो चतुर तरी काय करणार!