डोळे आखेपर्यंत

नाही, नाही, तू बोलू नकोस हौसा — डोळे आखताना तू श्वाससुद्धा रोखतेस, ठाऊक आहे मला, इतकी वर्षं पेणहून इथे हमरापूरला, तुझ्याच कारखान्यात मूर्ती न्यायला येतोय — मीच बोलतो. खरं म्हणजे मूर्ती नको एवढंच सांगायला आलो होतो. नमितानं, तुझ्या काकूनं, माघातच सांगून ठेवली होती ना, नेहमीसारखी. आणि वैशाखात ती गेली. हर्षद म्हणाला, बाबा, वर्ष सरलेलं नाही, यंदा गणपती नको. मी हो म्हटलं मुलाला. मग निरोप द्यायला इतका उशीर का केला? — कोण जाणे. आलो तर मूर्तीचा एक डोळा तुझा आखून झालेला!

मान हलवू नकोस गो, हात हलेल. मी कॉलेजात काय शिकवायचो, सांगितलंय कधी तुला? उजेड. काचेचं इवलंसं कडं असतं, त्यात बाहेरून सारखा लेसरचा उजेड सोडायचा — आधी आत नुसता गोंधळ — पण लेसरचा रंग अगदी हळू सरकवत नेला की एकाएकी उजेडाचा एकच थेंब उरतो आणि कड्यात गोल गोल फिरत राहतो. पसरून जायला हवा ना? नाही जात. त्याच्याच तेजानं काच बदलते, त्याला आवळून धरते. फेरीगणिक थोडा गळतो, तेवढा बाहेरचा उजेड भरून काढतो. नमिताला सांगितलं मी, मोठ्या ऐटीत — स्वतःच स्वतःला टिकवतो म्हटलं. तर भात वाढता वाढता विचारते, बाहेरचा उजेड बंद केला तर? म्हटलं, संपला, पापणी लवायच्या आत. हसली. अहो, मग स्वतःचा स्वतः कसला टिकतो तो? — चिडलो होतो का मी? असेन. आकार तर त्याचा त्यानंच धरलेला असतो ना? — तरी अजून ठरत नाही माझं.

हर्षदला हो म्हटलं, तरी वाटलं होतं, करू एकट्यानं. दुर्वा निवडू, मोदक नाही तर पेढे आणू. पण आरती — ती सुरू करायची, मी मागून उचलायचो. काल रिकाम्या चौरंगापुढे उभा राहिलो, टाळ्या वाजवत राहिलो — तिच्या सुरुवातीची वाट बघत.

झाला दुसरा? — हा? हा रुमाल. नेताना मूर्तीचं तोंड झाकायला, दरवर्षी तीच आणायची — आज मी कशाला खिशात घातला — नको, इकडे वळवू नकोस त्याला! दुसऱ्या कोणाला तरी दे. — थांब. रुमाल घाल तोंडावर, नेतो मी. आणि जा तू, जा, बाकीचे गणपती खोळंबलेत तुझे.