पहिल्या नंबरची पेटी

चहा घेता घेता आमच्या बाबांच्या संत्र्यांचं ऐका.

बाबांचा संत्र्यांचा घाऊक धंदा. घरचा नियम एकच, चांगला माल गिऱ्हाइकाला, डागी माल घरी. म्हातारपणी त्यांना कंपवात झाला. धंतोलीचे डॉक्टर म्हणाले, "मेंदूत डोपामिन कमी पडतंय. गोळ्या चुकवू नका."

मी शाळा लवकर सोडली, पण वाचायची खोड सुटली नाही. डोपामिन तयार व्हायला व्हिटॅमिन सी हातभार लावतं, असं वाचलं आणि डॉक्टरांना विचारलं. ते हसले. "खरंय, पण त्यानं आजार जात नाही. संत्री मात्र खुशाल खाऊ द्या."

त्याच दिवशी मी पहिल्या नंबरची पेटी घरी नेली. बाबांनी थरथरत्या हातानं एक संत्रं फिरवून पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"काहून गा, डॉक्टर काय बोलला? किती दिवस राहिले माझे?"

"तसं काही नाही, बाबा."

"मंग असा माल घरी काहून आणला? तुझी माय शेवटच्या आजारात होती, तेव्हाच मी आणला होता."

मी पेटी परत नेली आणि डागी संत्र्यांची पिशवी आणली. बाबांनी एका बैठकीत चार संपवली.

त्यानंतर बाबा सहा वर्षं होते, डागी संत्री खात. परवा सुनेनं माझ्यापुढे चकचकीत संत्री सोलून ठेवली, तर माझ्या तोंडून निघून गेलं, "काहून वं, माझा रिपोर्ट आला काय?"