म्हाताऱ्या कुत्रीचं अंथरूण

रामनगरच्या स्टँडवर लखू कुंभारवाड्याच्या बसची वाट बघत होता. शेजारच्या बाकावर दोन बायकांचं जोरात चाललं होतं. बस जरा उशिराच यावी, असं त्याला वाटायला लागलं.

"इंदुअक्का, आमची म्हातारी कुत्री झोपंतच मुततीया. आमचा संदीप म्हणतोय, रानात सोडून येतो."

"तू काय केलंस?"

"सांजचं पाणी बंद केलं."

"खुळी का काय गं फुला? तहानेनं मरंल ती. पाणी दे, पर निजायच्या आधी भाईर फिरवून आण. खाली भाताचं पिंजर टाक, रोज बदल. आन् गुरांच्या डॉक्टरला दाखव."

"आन् संदीपला?"

"त्याला सांग, शाळंत जाईस्तवर तू माझ्या वाकळंत मुतलास, तुला कुणी रानात सोडलं न्हाई."

"सुनंम्होरं सांगू?"

"सुनंम्होरंच सांग."