पाण्याची जादूगारीण

जामखेडच्या स्टँडवर गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारी आई आणि तिची कॉलेजातली लेक, दोघी एकाच मोबाईलवरच्या खेळात डोकं घालून.

“आई, या डावाला माझी जादूगारीण आगीची करू का पाण्याची?”

“पान्याची कर.”

“पाण्यानं राक्षसाला झोडपायचं असतं हं.”

“आन् पानी सरलं म्हंजे?”

“परत भरेपर्यंत गप उभं राहायचं.”

“हत्यार काय देती तिला?”

“काठी घेतली तर मार जोरात बसतो. कमंडलू घेतला तर पाणी जास्त साठतं.”

“मंग इचारती काय? कमंडलू घे.”

“घेतला. अगं, राक्षस आला! सगळं पाणी सोडते!”

“स्नेहल, थांब! निम्मं ठेव.”

“आई, मरेन ना मी!”

“तू मेलीस तर परत जित्ती व्हती, मघाशीच बघितलं. उद्या टँकर आला न्हाई म्हंजे?”