अत्यावश्यक यादीतलं पहिलं नाव

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजेच आपले कार्यकारी संचालक. आपल्याला सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या वतीने एवढ्या लांबून आलेल्या प्रमुख पाहुण्या. सोमवारपासून माझ्या खुर्चीवर बसणाऱ्या आमच्या तरुण व्यवस्थापक बाई. समोर बसलेले सहकारी आणि निवृत्त स्नेही. आणि अगदी मागे, दाराजवळ, ‘जरा तोंड दाखवू आणि सटकू’ अशा बेताने बसलेली आमच्या जुन्या दावे विभागातली मंडळी, तुम्हा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

माझ्याविषयी इथे इतकं चांगलं बोललं गेलं की मध्येच मला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कोणाच्या निरोपाला येऊन बसलो की काय. अध्यक्षांनी माझा उल्लेख ‘आउटसोर्सिंगचे जाणकार’ असा केला. आमच्या शेजारच्या आजोबांनी एकदा मला विचारलं होतं, “तुम्ही ऑफिसात नेमकं करता तरी काय?” मी म्हटलं, “इथलं काम बाहेर कसं जाईल, ते बघतो.” ते विचारात पडले. म्हणाले, “म्हणजे पाहुण्यांना दारापर्यंत पोचवून यायचं, तसंच ना?” मी तेव्हा हसलो. एवढी नेमकी व्याख्या मला कुठल्याच प्रशिक्षणात मिळाली नव्हती.

नव्या मंडळींना माहीत नसेल, पण मी या विमा कंपनीत लागलो तो दावे विभागात, साधा कारकून म्हणून. एखादा विमेदार गेला की त्याच्या घरच्यांचा अर्ज आमच्याकडे यायचा. कागद तपासायचे, त्रुटी काढायच्या, दावा पुढे पाठवायचा. पहिल्याच आठवड्यात मी एका अर्जावर ‘सही जुळत नाही’ असा शेरा मारून तो परत पाठवायला निघालो. शेजारच्या टेबलावरून एक बाई उठल्या, अर्ज माझ्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, “नवरा जाऊन आठ दिवस झालेत हो तिचा. हात थरथरणार नाही का? फोन करून विचारा आधी.”

त्या बाई मला दोन वर्षांनी सीनियर होत्या. त्यांनी मला काम शिकवलं. पुढे त्यांनी माझ्याशी लग्न केलं, यावरून शिकवण्याची त्यांना किती हौस होती ते लक्षात यावं.

(हसा, हसा. तीही हसायची या वाक्याला.)

आमच्यात एक नियम होता. घरी ‘तू’, ऑफिसात ‘तुम्ही’. जिन्याची शेवटची पायरी उतरलो की ‘तू’ सुरू. आम्हाला मूलबाळ झालं नाही. त्यामुळे घरात बोलायला ती आणि मी, आणि बोलायचा विषय बहुतेक वेळा दावे विभाग. मी हळूहळू वर चढत गेलो, संगणक विभागात गेलो, तिथून बाह्यसेवांकडे आलो. ती मात्र होती तिथेच राहिली, आपणहून. अडतीस माणसांचा तो विभाग तिच्या जिवावर चालायचा, हे मागच्या रांगेला विचारा.

आता जे सांगणार आहे ते निरोपाच्या भाषणात सांगावं की नाही, यावर मी बराच विचार केला. अध्यक्षसाहेबांची परवानगी गृहीत धरतो.

नऊ वर्षांपूर्वी ठरलं की दावे विभागाचं सगळं काम बाहेर द्यायचं. तो निर्णय चूक होता असं मी आजही म्हणणार नाही. काम तुंबत होतं, यंत्रणा जुनी झाली होती. योजना आखायला मला सांगितलं गेलं आणि त्याआधी गुप्ततेच्या कागदावर सही घेतली गेली. जाहीर होईपर्यंत कोणाकडे ब्र काढायचा नाही. चार महिने मी ती योजना करत होतो. रोज सकाळी आम्ही दोघं डबे भरून एकत्र निघायचो. ती तिच्या मजल्यावर उतरायची, मी माझ्या. माझ्या मजल्यावर मी तिचा मजला रिकामा करत होतो.

त्याच दिवसांत प्रशिक्षण विभागात एक जागा निघाली. त्यांनी हिला आपणहून विचारलं. शुक्रवारपर्यंत अर्ज द्यायचा होता. मंगळवारी सकाळी चहाचा कप माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, “काय करू रे? जाऊ का तिकडे?”

मी पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर तोंडापुढे धरला होता.

“तुला काय वाटतं?” मी विचारलं.

“शिकवायला आवडेल मला. पण इथलं सोडवत नाही. तू सांग. तुला वरचं जास्त कळतं.”

मी म्हणालो, “कशाला उगाच? तुझ्यावाचून तिथे पान हलत नाही. आहेस तिथेच बरी आहेस.”

तिने बरं म्हटलं आणि कप विसळायला घेतले. अर्ज दिला नाही.

कोणी म्हणेल, बिचारा सहीने बांधलेला होता. मीही स्वतःला तेच सांगत होतो. पण ‘जा’ एवढं एक अक्षर बोललो असतो, तर कुठल्या गुप्ततेचा भंग होणार होता? ‘जा, शिकवायला आवडतं ना तुला’ असं तर कुठलाही नवरा म्हणाला असता. मी म्हणालो नाही, कारण मला ती तिथे हवी होती. नव्या लोकांना काम शिकवायला जुनं, जाणतं माणूस लागतं. तशा माणसांची यादी मी आधीच करून ठेवली होती. मथळा होता, ‘हस्तांतरणासाठी अत्यावश्यक कर्मचारी, शेवटपर्यंत सोडू नये’. त्यात पहिलं नाव माझ्या बायकोचं होतं.

घोषणा याच सभागृहात झाली. अडतीस जण समोर बसले होते. मी व्यासपीठावर होतो. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग शेजारी रडायला लागलेल्या मुलीच्या पाठीवर हात ठेवला. घरी आल्यावर तिला मी गुप्ततेचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, “चार महिने एकट्याने वागवलंस रे हे. कसं झेपलं तुला?”

मंडळी, तिने मला माफ केलं होतं. त्या दिवशी तिने मला खरोखर माफ केलं होतं.

मग बारा आठवडे तिने बाहेरच्या कंपनीतल्या मुलांना शिकवलं. रोज संगणकाच्या पडद्यासमोर बसून. आपली नोकरी घेणाऱ्यांना कोणी इतका जीव ओतून शिकवेल का? ती म्हणायची, “त्या पोरांचा काय दोष? आणि अर्ज करणाऱ्या बाईचा काय दोष? फोन करायला शिकवायलाच हवं.” आपल्या प्रमुख पाहुण्या त्या वर्गात विद्यार्थिनी होत्या. बाई, तुम्हाला सातव्या आठवड्यातला तो दिवस आठवतो का? बोलता बोलता तुमच्या मॅडम एकदम थांबल्या, आणि तुम्ही सगळे ओरडायला लागलात, “मॅडम, आवाज येत नाहीये! मॅडम, आवाज गेला!” तुम्हाला वाटलं, लाइन तुटली.

लाइन चालू होती. शिकवण्याचे कागद ठेवायला मी तिला एक फोल्डर उघडून दिला होता, आणि त्यात माझी ती यादी राहून गेली होती. चुकून तिने तीच उघडली. स्वतःचं नाव वाचलं. खाली ‘तयार करणार’ म्हणून माझं नाव. आणि तारीख. त्या मंगळवारच्या तीन आठवडे आधीची.

तिने फाइल बंद केली, “हां, आता येतोय का आवाज?” म्हणाली, आणि तास पुरा केला.

संध्याकाळी आम्ही जिना उतरलो. शेवटची पायरी उतरल्यावर ती म्हणाली, “तुम्ही पुढे व्हा. मी भाजी घेऊन येते.”

तेव्हापासून घरातही ‘तुम्ही’. भांडण नाही, आदळआपट नाही. “तुम्ही जेवलात का?” “तुमची औषधं संपलीत.” दीड वर्ष. मी एकदा तिचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते. ती म्हणाली, “नोकरीचं मला काही नाही. अडतीस जणांची गेली, त्यात माझी गेली. पण मी तुम्हाला माझा माणूस म्हणून विचारलं होतं. उत्तर मला साहेबांनी दिलं.” मग एका रविवारी ती तिच्या धाकट्या बहिणीच्या गावी गेली. तिथल्या एका लहानशा दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसते. लोक तिची वाखाणणी करतात असं मेव्हणी सांगते.

मागच्या महिन्यात या समारंभाची पत्रिका घेऊन मी तिच्याकडे गेलो होतो. खिडकीपुढे रांग होती, रांगेत उभा राहिलो. तिने मला पाहिलं, माझ्या मागच्या म्हातारबाबांना आधी घेतलं, मग सुट्टीत बाहेर आली. पत्रिका वाचून म्हणाली, “छान छापलीय. पण मी नाही येणार. टाळ्या वाजवल्या तर त्या खोट्या, नाही वाजवल्या तर तुमचा अपमान.”

“मग मी बोलू तरी काय?” मी विचारलं.

“अडतीस जणांचं बोला. माझं काढू नका.”

मी तिचं तेही ऐकलं नाही.

नव्या व्यवस्थापक बाई, सोमवारी तुमच्यापुढे तो गुप्ततेचा कागद येईल. सही करा, करावीच लागते. मी नंतर तो पुन्हा पुन्हा वाचला आहे. त्यात गप्प राहा असं लिहिलंय. खोटं बोला असं कुठेही लिहिलेलं नाही. घरचं माणूस विचारेल तेव्हा ‘मला यावर काही बोलता येत नाही’ एवढं वाक्य त्या कागदात आरामात बसतं. ते ऐकून शहाणं माणूस काय ते समजतं. ती तर नक्कीच समजली असती.

आयोजकांचे, अध्यक्षांचे, पाहुण्यांचे मी आभार मानतो. मागच्या रांगेतल्या मंडळींनो, तुम्ही आलात, याला काय म्हणावं मला कळत नाही. आनंदाच्या प्रसंगी मी हे काय घेऊन बसलो असं कोणाला वाटलं असेल, बोलताना कोणाला काही लागलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. बाहेर चहाची व्यवस्था आहे. सत्कारमूर्तीला घरी जायची घाई असते म्हणून तुम्ही सगळे मला भेटायला गर्दी कराल, तर तसं करू नका. सावकाश या. मला घाई नाही. शेवटचा माणूस निघेपर्यंत मी इथेच आहे.

नमस्कार.